ब्रेस्ट रिडक्शन सर्जरी करायचीय? पहिल्या ओपीडीपासून वर्षभरापर्यंत काय काय होतं

मानेचा एक्सरे काढून झालाय, कॅल्शियमच्या गोळ्या संपल्यात, उशी बदलून झालीय आणि तरी संध्याकाळी खांदे भरून येतातच. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ, पावसाळ्यात छातीखाली घाम साचून येणारं पुरळ जे क्रीम लावलं की जातं आणि परत येतं, जिना उतरताना आपोआप आडवा धरला जाणारा हात, कुडता खांद्याला बसतो तर छातीत अडकतो. ह्यातलं बरंच ओळखीचं वाटत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहितेय. मी स्वतः ह्यातून गेलेय, त्यामुळे डॉक्टर जे सांगतात ते आणि घरी आल्यावर जे कळतं ते, दोन्ही सांगते.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते. स्तन लहान करायच्या ह्या ऑपरेशनला प्लास्टिक सर्जरी म्हणतात म्हणून लोक ह्याला नटण्यामुरडण्याच्या खात्यात टाकतात, आणि मग बाई वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढते. हे दुखण्यावरचं ऑपरेशन आहे. गुडघा दुखला की दाखवतो ना, तसंच हे दाखवायचं.

आधी: सर्जरी लागणारच आहे का

स्तनात चरबी असते आणि दुधाच्या ग्रंथींचा भाग असतो, प्रत्येकीत ह्याचं प्रमाण वेगळं. वजन उतरलं की चरबीचा भाग उतरतो, ग्रंथींचा फारसा नाही, म्हणून काहींना दहा किलो कमी करूनही ब्राच्या साइजमध्ये विशेष फरक दिसत नाही आणि काहींना तेवढ्यानेच बरं वाटतं. डॉक्टर आधी वजन, नीट मापाची ब्रा, मानेपाठीची फिजिओथेरपी हे करून बघायला सांगतात, ते टाळायला सांगतायत असं समजू नका. वजन खूप जास्त असताना ऑपरेशन केलं तर जखम भरायला त्रास होतो हे खरं आहे, आणि ऑपरेशननंतर दहा-पंधरा किलो वर-खाली झालं तर आकार पुन्हा बदलतो, म्हणून वजन काही महिने एका जागी स्थिर असलेलं बरं. फिजिओचे, स्किनच्या डॉक्टरांचे, ऑर्थोचे सगळे कागद मात्र जपून ठेवा, इन्शुरन्सला तेच लागतात.

वयाचं म्हणाल तर वाढ पूर्ण झालेली हवी, म्हणजे साधारण १८ नंतर, आणि साइज गेल्या वर्षभरात बदललेला नसावा. काही मुलींना वयात येतानाच फार झपाट्याने वाढ होते आणि शाळेत जाणं मुश्किल होतं, तिथे डॉक्टर आधीही विचार करतात, पण ते केसवर अवलंबून. पुढच्या वर्ष-दीड वर्षात बाळाचा विचार असेल तर थांबणं शहाणपणाचं, कारण गरोदरपणात स्तन पुन्हा वाढतात. अंगावर पाजणं बंद केल्यावर साधारण ६ महिने जाऊ द्यायचे.

आणि लग्न न झालेल्या मुलींच्या आया सगळ्यात आधी जे विचारतात ते: पुढे बाळाला दूध पाजता येईल का? येऊ शकतं, पण खात्री कोणी देत नाही. निपलच्या मागचा ग्रंथींचा आणि नळ्यांचा भाग किती जोडलेला राहिला ह्यावर ते ठरतं. काही जणी पूर्ण पाजतात, काहींना वरचं दूध जोडीला द्यावं लागतं, काहींना जमत नाही. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला, म्हणजे डॉक्टर तसं टेक्निक निवडतील.

डॉक्टर शोधताना

नावापुढे एमसीएच प्लास्टिक सर्जरी किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी आहे का ते बघा. नुसतं कॉस्मेटिक सर्जन असं पाटीवर लिहिलं म्हणजे ती डिग्री नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरांची नोंदणी असते, नोंदणी नंबर विचारायला लाजायचं नाही. हे ऑपरेशन वर्षात किती करता, तुमच्या पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का, काही बिघडलं तर रात्री कोणाला फोन करायचा, ह्या हॉस्पिटलात आयसीयू आहे का, हे प्रश्न लिहूनच न्या कारण तिथे गेल्यावर निम्मे विसरतात. शक्य असेल तर दोन डॉक्टरांचं मत घ्या.

प्रायव्हेट परवडत नसेल तर इथेच वाचणं सोडू नका. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपूरला मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), ह्या सगळ्या सरकारी-पालिकेच्या हॉस्पिटलांत प्लास्टिक सर्जरीचं डिपार्टमेंट आहे. भाजलेल्यांच्या आणि अपघाताच्या केसेस आधी घेतल्या जातात त्यामुळे तारखेसाठी थांबावं लागतं, चकरा होतात, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पहिल्या तपासणीत कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात, ही तयारी मनात करूनच जा. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत नर्स किंवा तुमच्यासोबतची बाई हवी असं सांगणं हा तुमचा हक्क आहे. गळ्याच्या खळगीपासून निपलपर्यंतचं अंतर टेपने मोजतात, साधारण बांध्यात ते २० सेंमीच्या आसपास असतं आणि ह्या सर्जरीसाठी येणाऱ्या बायकांत ३० च्या वर गेलेलं असणं नेहमीचंच. फोटो काढतात, चेहरा न घेता, आणि त्यासाठी वेगळी सही घेतात. फोटो फक्त फाईलसाठी की जाहिरातीसाठीही, ते नीट वाचून सही करा.

बऱ्याच जणी सी कप करून द्या असं सांगायला जातात. कुठलाही प्रामाणिक सर्जन कपचा आकडा कबूल करत नाही कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, तो अंदाजे किती ग्रॅम काढता येईल आणि तुमच्या बांध्याला काय शोभेल ते सांगतो. निपलचा रक्तपुरवठा सांभाळायचा असतो म्हणून एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाही हेही ऐकायची तयारी ठेवा.

कापतात कुठे आणि निपलचं काय होतं

ह्याची भीती सगळ्यांनाच असते म्हणून थोडं सविस्तर. सगळ्यात जास्त केली जाणारी पद्धत म्हणजे अँकर, निपलभोवतीच्या काळ्या वर्तुळाला गोल छेद, तिथून खाली सरळ उभा छेद आणि छातीखालच्या घडीत आडवा छेद. स्तन फार मोठे किंवा फार ओघळलेले असतील तर हीच बहुतेकदा लागते. मध्यम साइजला आडवा छेद टाळून फक्त गोल आणि उभा असा करता येतो, त्याला लॉलीपॉप म्हणतात. फक्त लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढून, काम भागणाऱ्या बायका थोड्या, जिथे चरबी जास्त आहे आणि ओघळलेलं नाही तिथेच, कारण त्याने त्वचा वर उचलली जात नाही.

निपल कापून बाजूला ठेवतात आणि परत शिवतात असं ऐकलेलं असतं. बहुतेक ऑपरेशनांत तसं होत नाही, निपल आतल्या मांसाच्या एका पट्ट्यावर रक्तवाहिन्या आणि नसांसकट जोडलेलंच राहतं आणि तसंच वर सरकवून नव्या जागी बसवतात. अगदीच प्रचंड साइज असेल किंवा रक्तपुरवठ्याचा धोका असेल तेव्हाच ते सुटं करून ग्राफ्टसारखं, म्हणजे त्वचेच्या सुट्या तुकड्यासारखं, लावावं लागतं, आणि मग तिथली संवेदना आणि पुढे दूध येणं दोन्ही जातं. तुमच्या बाबतीत ही शक्यता आहे का हे आधीच विचारून घ्या, भूल उतरल्यावर कळायला नको.

पैसे, इन्शुरन्स

विमा पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, स्टँडर्ड एक्स्क्लूजनमध्ये, म्हणजे विम्यात न मिळणाऱ्या गोष्टींच्या ठरलेल्या यादीत, तिचा कोड ०८ आहे. पण त्याच कलमात अपवादही लिहिलेत: अपघात, भाजणं, कॅन्सर ह्यानंतरची दुरुस्ती, किंवा तब्येतीचा थेट धोका टाळण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा उपचार म्हणून केलेली सर्जरी, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी द्यायचं. म्हणजे दार पूर्ण बंद नाही पण सहज उघडतही नाही. डॉक्टरांच्या पत्रात फक्त मोठे स्तन असं न येता मानदुखी किती दिवस, कुठले उपचार करून झाले, त्वचेचं इन्फेक्शन किती वेळा झालं हे सगळं यायला हवं. कॅशलेसची मंजुरी ऑपरेशनच्या आधी मागा, नंतर भांडत बसायची ताकद नसते. नकार आला तर लेखी कारण घ्या, तक्रार करता येते.

कोटेशन घेताना ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, रूम, औषधं, काढलेल्या भागाची तपासणी, सर्जिकल ब्रा, नंतरची ड्रेसिंग हे धरून आकडा आहे का ते विचारा. आणि जीएसटी धरून आहे का तेही, कारण ही सर्जरी कॉस्मेटिक धरली तर १८ टक्के लागतो.

घरच्यांना सांगणं

देवाने दिलंय त्याला कशाला हात लावायचा, लग्नाआधी कशाला, मुलं झाली आता कशाला, हे ऐकायला मिळेल. १८ पूर्ण झालेल्या बाईला स्वतःच्या ऑपरेशनसाठी स्वतःची सही कायद्याने पुरते, हॉस्पिटलं नातेवाईकाची सही मागतात ती सोबत कोण आहे ह्यासाठी. तरी घरातलं एक माणूस तरी खरंच तुमच्या बाजूचं हवं कारण पुढचे पंधरा दिवस तुम्हाला हात वर करता येणार नाहीयेत. नवरा किंवा आईला एकदा ओपीडीत सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातला अर्धा वाद मिटतो.

ऑपरेशनआधीचे काही आठवडे

रक्ताच्या तपासण्या, शुगर, ईसीजी, छातीचा एक्सरे, स्तनांची सोनोग्राफी आणि चाळिशी ओलांडली असेल तर मॅमोग्राफी (स्तनांचा एक्सरे), मग भूलतज्ज्ञाकडून फिटनेस. हिमोग्लोबिन कमी निघालं तर आधी ते वर आणतात, आपल्याकडे बायकांत हे फार कॉमन आहे तेव्हा तारीख पुढे गेली तर खचू नका.

तंबाखूबद्दल कळकळीने सांगते. सिगरेट नाही ओढत म्हणून हो-हो करून मोकळं व्हायचं नाही, मिश्री, तपकीर, गुटखा, ह्या सगळ्यांत निकोटीन आहे आणि निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ह्या ऑपरेशनमध्ये निपल त्याच बारीक रक्तवाहिन्यांवर जगतं, ते काळं पडून गळू शकतं. निदान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर पूर्ण बंद. गावाकडच्या कितीतरी बायका रोज मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी विचारलं तर नाही म्हणतात कारण त्यांना ती तंबाखू वाटतच नाही.

ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काढे, गर्भनिरोधक गोळ्या, वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं, जे काही घेता त्याची यादी डॉक्टरांना द्या. कशाने रक्तस्राव वाढतो, कशाने गुठळीचा धोका, कशाने पोट उशिरा रिकामं होतं. पण हृदयासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता घर. वरच्या फडताळातले डबे, चहा-साखर, रोजची भांडी सगळं ओट्याच्या उंचीला आणून ठेवा. पोळ्या लाटणं, नारळ खवणं, कुकर उचलणं, बादली, लहान मूल कडेवर घेणं, झाडू-पोछा, हे सगळं छातीच्या स्नायूंवर येतं आणि बंद असणार, त्यामुळे पोळीवाल्या मावशी किंवा डबा आधीच ठरवा. समोरून बटणं असलेले गाऊन काढून ठेवा किंवा नवऱ्याचे सैल शर्ट, डोक्यावरून काही घालता येत नाही. केस आदल्या दिवशी धुऊन घट्ट वेणी घाला, नंतर वेणी घालायला कोणाची तरी मदत लागते. उशा तीन-चार जमवा. ऋतू निवडता येत असेल तर दिवाळीनंतरचे महिने बरे पडतात, चोवीस तास घट्ट ब्रा घालून मे महिन्यातला घाम, तोही कोकण-मुंबईतला, फार त्रासाचा होतो.

ऑपरेशनचा दिवस

६ ते ८ तास आधीपासून खाणं बंद, पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील. थिएटरमध्ये नेण्याआधी डॉक्टर तुम्हाला उभं करून किंवा बसवून मार्करने छातीवर रेघा आखतात, ते उभ्यानेच करावं लागतं कारण झोपल्यावर स्तन बाजूला पसरतात आणि माप चुकतं. थंडी वाजते, लाज वाटते, दहा-पंधरा मिनिटांत संपतं. मग पूर्ण भूल, साधारण २ ते ४ तास. काढलेला भाग वजन करून तपासणीला पाठवतात, ही तपासणी नको म्हणून पैसे वाचवू नका, क्वचित त्यात आधी न दिसलेलं काही सापडतं.

जाग आल्यावर छातीवर घट्ट बांधलेलं असतं, कधीकधी दोन्ही बाजूंना बारीक नळ्या असतात ज्या एक-दोन दिवसांत काढतात. मळमळ होऊ शकते. एक रात्र, फार तर दोन, हॉस्पिटलात. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी धरून धरून चालवतात, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते फार गरजेचं आहे, तेव्हा नको म्हणू नका.

पहिले दोन आठवडे

दुखणं किती? कापल्यासारखी तीव्र कळ फार नसते, ठणका, ताण आणि खोकताना-शिंकताना ओढ असते, गोळ्यांनी आटोक्यात राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत सूज वाढते मग उतरायला लागते. पुष्कळ जणींना ह्या दुखण्यातसुद्धा मान हलकी झाल्याचं पहिल्या दोन दिवसांतच जाणवतं, मलाही जाणवलं होतं आणि सगळी भीती तिथे ओसरली.

झोपायचं पाठीवरच, उशा लावून अर्धवट बसल्यासारखं. कुशीवर झोपायची सवय असेल तर दोन्ही बाजूंना उशा लावा. उठताना हातांवर जोर न देता पोट-पायांच्या जोराने किंवा कोणाला तरी धरून. सर्जिकल ब्रा दिवस-रात्र, डॉक्टर सांगतील तितके आठवडे, धुवायला दुसरी लागतेच म्हणून दोन घ्या. अंघोळ साधारण दोन दिवसांनी, ड्रेसिंग कुठलं आहे त्यावर. पेनकिलरमुळे पोट साफ होत नाही, इसबगोल आणि पाणी पहिल्या दिवसापासून.

आणि खाण्याबद्दल घरात जी चर्चा होते ती होणारच: आंबट नको पू होईल, भात नको, वांगं नको. जखमेला प्रोटीन लागतं, उसळ, डाळ, अंडी, पनीर, मासे जे खाता ते भरपूर खा, लिंबू-आवळ्यातलं व्हिटॅमिन सी तर जखम भरायलाच मदत करतं. डॉक्टरांनी तुमच्या शुगरसाठी वगैरे वेगळं सांगितलं असेल तेवढं पाळा. जखमेवर हळद-चंदन, तेल, कसलाही लेप लावू नका.

पहिल्यांदा ड्रेसिंग उघडल्यावर आरशात जे दिसतं ते शेवटचं नव्हे. स्तन वर चढलेले, चौकोनी, कडक, एक बाजू जास्त सुजलेली, हिरवं-निळं पडलेलं. हे काय करून बसले असं वाटून रडू येणं अगदी कॉमन आहे, भुलीचा आणि जागरणाचा थकवा त्यात मिसळलेला असतो. आकार खाली उतरून गोलाई यायला ३ ते ६ महिने लागतात.

अँकरच्या छेदात उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते त्या टोकावर ताण सगळ्यात जास्त, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात छोटी जखम उघडणं हा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास. बघून घाबरायला होतं पण बहुतेकदा नुसत्या ड्रेसिंगने काही आठवड्यांत भरते. दाखवा मात्र लगेच.

थांबायचं नाही, फोन करून सरळ हॉस्पिटल गाठायचं असं कधी: एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली आणि दुखणं वाढलं, ताप, लाली पसरतेय, वास येणारं पाणी येतंय, निपल काळं-निळं पडतंय, पोटरी एका बाजूची दुखतेय-सुजलीय, श्वास लागतोय किंवा छातीत कळ येतेय. शेवटच्या दोघांत तर रात्र-मध्यरात्र बघायची नाही.

पुढचे महिने

बसून करायचं काम असेल तर दोन आठवड्यांत ऑफिसला जाता येतं, उभ्याचं, उचलाउचलीचं असेल तर जास्त सुट्टी टाका. स्कूटी आणि गाडी साधारण दोन-तीन आठवड्यांनी, अचानक ब्रेक मारता आला पाहिजे आणि झोप आणणाऱ्या गोळ्या बंद झालेल्या हव्यात. लोकलच्या गर्दीत त्याहून उशिरा. जड उचलणं, धावणं, जिम, सूर्यनमस्कार ६ आठवड्यांनंतर डॉक्टरांना विचारून, चालणं मात्र पहिल्यापासून. अंडरवायर ब्रा काही महिने नको.

निपल बधिर असणं, किंवा उलट नुसता कपडा लागला तरी झिणझिण्या, आत विजेचा झटका बसल्यासारखं होणं, हे नसा जुळत असताना होतं. बहुतेकींची संवेदना महिन्यांनी बरीचशी परत येते, काहींची कमी राहते, थोड्या जणींची येत नाही. सही करताना हे खरंच कबूल आहे का विचार करा.

व्रण राहतात. आधी लाल-काळसर, तीन-चार महिन्यांना तर सगळ्यात जास्त ठळक, मग वर्ष-दीड वर्षात फिके पडत जातात. आपल्या त्वचेत जाड व्रण किंवा केलॉइड (जखमेच्या बाहेर वाढत जाणारा गाठीसारखा व्रण) होण्याची प्रवृत्ती जास्त, कानाच्या टोचलेल्या भोकाशी गाठ आली असेल तर ते आधीच सांगा. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉन जेल किंवा शीट, सलग दोन-तीन महिने, नियमाने. व्रण उचलल्यासारखा वाटला तर लवकर दाखवा, इंजेक्शनने बसवता येतो.

ब्लाउज शिवायला घाई करू नका, टेलरकडे जायचं ते निदान तीन महिन्यांनी, सहा झाले तर अजून बरं, तोवर माप बदलतच असतं. जुने ब्लाउज उसवून आत घेता येतात का तेही तेव्हाच बघा. ब्राचं माप दुकानात जाऊन नव्याने घ्या, आधीच्या नंबरवरून अंदाज लावू नका.

महिन्यांनी कधी हाताला टणक गाठ लागली तर ती बऱ्याचदा चरबीचा निर्जीव झालेला भाग असतो, पण ते घरी बसून ठरवायचं नसतं, सोनोग्राफी करून घ्या. ह्या सर्जरीनंतर मॅमोग्राफीत आतले व्रण आणि कॅल्शियमचे ठिपके दिसतात आणि नवख्या डोळ्याला ते संशयास्पद वाटू शकतात, म्हणून ऑपरेशनचे कागद, तपासणीचा रिपोर्ट आणि आधीची मॅमोग्राफी एका फाईलमध्ये ठेवा आणि पुढे जेव्हा जेव्हा स्तनांची तपासणी कराल तेव्हा ती फाईल काउंटरवरच द्या, फॉर्मवर सर्जरीचं वर्ष लिहून.